जास्तीची दोरी

लहेव्ह
१४ फेब्रुवारी

ग्रेटा,

अक्षर वाईट आहे. मुद्दाम काढलेलं नाही.

उजव्या हाताचं प्लास्टर सोमवारी निघालं. नोरीन कोमोने रोज अर्धं पान हाताने लिहायला सांगितलं आहे. मी म्हटलं, वर्तमानपत्र उतरवून काढते. ती म्हणाली, "नको. तुम्ही लबाडी कराल, डॉक्टर. माणसाला लिहा. माणसाला लिहिताना हात चोरता येत नाही." कोणाला, असं मी विचारलं. "ते मला विचारू नका. मी फक्त हात बघते."

नोरीन तुझ्या जागेवर आली, हे तुला कळलं असेल. खिडकीजवळचं टेबल तिने होतं तिथेच ठेवलं आहे.

चार वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. तू न वाचता ठेवून दिलंस तरी माझं अर्धं पान धरलं जाईल.

काय झालं ते सांगते. नऊ नोव्हेंबरला मागच्या पायरीवर घसरले. बर्फही नव्हता, नुसतं दव गोठलं होतं. उजव्या हातावर पडले. एक्सरे मीच काढून घेतला, मीच पाहिला. मनगटाच्या हाडाला केसाएवढी चीर. हाड जागचं हललेलं नाही. दुकानातला पट्टा बांधला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पाच आठवड्यांत बारा ऑपरेशनं केली. मनगटाच्या मागे कुरकुर होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, वय.

चौदा डिसेंबरला बूट चढवताना उजव्या हाताचा अंगठा पडला. दुखलं नाही. काहीतरी टक् झालं आणि अंगठा उचलेना.

हसायला हरकत नाही. मी तीस वर्षं हेच शिकवत आले. हाड मोठं मोडलं तर दोरी बहुधा वाचते, केसाएवढी चीर असेल तर दोरी सांभाळा. (कंडरेला मी अजून दोरीच म्हणते. इथे दोरी सगळ्यांना कळते.) चीर भरताना वाट अरुंद होते आणि दोरी घासून झिजते. प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगितलं. स्वतःच्या मनगटाला सांगायचं राहिलं.

दीड पान झालं. नोरीनला दाखवेन. मजकूर नाही, लांबी.

लि. वेंट्झेल

सही सवयीने केसपेपरवरची झाली. राहू दे.


१९ फेब्रुवारी

ग्रेटा,

ऑपरेशन सहा जानेवारीला अमिरोने केलं. पहिल्या वर्षी सुई उलटी धरायचा तोच अमिरो. आता चांगला शिवतो.

तुटलेली दोरी शिवण्यासारखी उरली नव्हती. टोकं कुजक्या सुंभासारखी. म्हणून नेहमीचा उपाय. तर्जनीला उचलणाऱ्या दोऱ्या दोन असतात. देवाने एक जास्तीची ठेवली आहे, असं मी पेशंटांना सांगते. ती तिथून काढायची आणि अंगठ्याला जोडायची. तर्जनीचं अडत नाही, अंगठ्याचं भागतं.

आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे भूल फक्त हाताला. मी जागी होते, डोकं वळवून बघत होते.

"अजून थोडी ताणून धर," मी म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही आडव्या आहात," अमिरो म्हणाला.

"आडवी आहे. आंधळी नाही."

"भूल तोंडालाही देता येते."

नर्स हसली. मग त्याने सांगितलं, "तर्जनीने छत दाखवा." मी दाखवलं. अंगठा उठला. मी हे शंभरदा तरी पाहिलं असेल, दुसऱ्यांच्या हातांत. आपला अंगठा दुसऱ्याच बोटाच्या हुकमाने उठतो तेव्हा कसं वाटतं, हे मी एकाही पेशंटला विचारलं नव्हतं.

टेबलावर उठला, तेवढाच. आता उठत नाही. पाच आठवडे प्लास्टरमध्ये झोपला तो झोपलाच आहे.

नोरीन म्हणते, "अंगठा उचलू नका. बोट दाखवा."

"काय दाखवू?"

"काहीही. खिडकी. देव. मी."

मी खिडकी दाखवते. तर्जनी खिडकीकडे जाते, अंगठा तळव्यावर पडून राहतो. मनात मला कातडीखालची दोरीची वाट दिसते, अमिरोची शिवण दिसते, कुठे चिकटली असेल ती जागा दिसते. नोरीन म्हणते, तेच आडवं येतंय. "तुम्हाला फार माहिती आहे, डॉक्टर. बॅझिल टॅनरसारख्या माणसाला हे एका आठवड्यात जमलं असतं."

बॅझिलचं नाव तिने सहज घेतलं. तिला काही माहीत नाही. मी खिडकीच दाखवत राहिले.

आई


२ मार्च

ग्रेटा,

मला जमत नाही त्या गोष्टी: बरणीचं झाकण, कोटाचं वरचं बटण, गाडीची किल्ली, मोठा कप. जमतात त्या: झाडू, दार, लहान कप, हे.

हॉस्पिटलला जूनपर्यंत सांगायचं आहे, मी पुन्हा सुरी धरणार की नाही. चौसष्टाव्या वर्षी कुणी मला दोष देणार नाही. अमिरोने माझी यादी आपल्याकडे घेतली आहे. पेशंटांचे फोन मात्र घरी येतात. त्यांना मी जुनंच उत्तर देते, "फोनवरून हात कळत नाही. घेऊन या." सात वर्षांची असताना तू माझी नक्कल करायचीस. बाहुलीला फोन लावून द्यायचीस आणि तिला रागवायचीस, घेऊन या म्हणून.

बॅझिलबद्दल लिहायचं टाळते आहे, ते तुला दिसतच असेल. म्हणून नोंदीत आहे तेवढं लिहिते. आमिष कापायच्या सुरीने बॅझिल टॅनरच्या उजव्या हाताची अनामिका कापली. दोरी मी शिवली. मी तीन आठवडे पूर्ण आराम लिहिला होता. तू तिसऱ्या दिवशी बोट हलवायला घेतलंस. नवी पद्धत तीच आहे म्हणालीस, लेख आणून दाखवलेस. अठराव्या दिवशी बोट निकामी झालं. मी पुन्हा उघडलं. हॉस्पिटलच्या गुरुवारच्या बैठकीत मी सांगितलं की दोरी तुटली, आणि घाईने हलवल्यामुळे तुटली. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. बोट आखडलं ते कायमचं. दोन महिन्यांनी तू कॉर्नर ब्रूकला गेलीस.

जाताना फेरीबोटीच्या रांगेत, गाडीच्या खिडकीतून, तू एकच विचारलंस, "आई, आत काय होतं ते तू नीट पाहिलंस ना?"

मी हो म्हणाले. पाहिलं होतंच.

तू परत बोलावंस, एवढंच मला हवं आहे. त्याआधी मला काही सांगायचं आहे. आज हात दमला.

आई


१५ मार्च

ग्रेटा,

आज पोस्टात माझंच पत्र आलं. लिफाफ्यावर तुझं अक्षर, आत चौदा फेब्रुवारीचे माझे कागद. त्यांवर पेन्सिलने काढलेले गोल. एकवीस मोजले. वर जाणाऱ्या रेघांवरच सगळे.

समासात लिहिलं आहेस: "मनगटाने ओढतेस. अंगठा काम करत नाही. पेन जाड घे. कागद डावीकडे तिरपा. अर्धं पान म्हणजे अर्धंच."

वर नाव नाही, खाली नाव नाही. घसरल्याबद्दल काही नाही. पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

नोरीनला दाखवलं. तिने चष्मा लावला. "हे कुणी केलं?"

"कॉर्नर ब्रूकला एक बाई आहे."

"मला हे दिसलं नव्हतं," नोरीन म्हणाली. "मी लांबी मोजत बसले. चांगली आहे ही बाई."

"हो. चांगली आहे."

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. तू सर्जरीचं शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडून हातांच्या व्यायामाकडे वळलीस तेव्हा मी काय म्हणाले होते, ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. "शिवणारीची मुलगी चेंडू दाबायला शिकवते."

नोरीनने पेनावर नळीच्या फोमचा तुकडा चढवून दिला. कागद तिरपा आहे.

अर्धं पान झालं. थांबते.

आई


१६ मार्च

ग्रेटा,

आज अर्ध्या पानात होणार नाही.

बॅझिलची दोरी तुटली नव्हती.

मी उघडलं तेव्हा दोरीची दोन्ही टोकं शाबूत होती, लांब सरकलेली. तुझ्या हलवण्याने गेलं असतं तर दोरा कंडरेला चिरत बाहेर आला असता, टोकं फाटली असती. नाहीतर दोराच मधे तुटला असता. दोरा अखंड होता. गाठ सुटली होती. दोऱ्याच्या दोन शेपट्या नागमोडी पडल्या होत्या आणि फार आखूड होत्या. मी कापल्या तेवढ्याच. पहिल्यांदा शिवलं त्या दिवशी ते तिसरं ऑपरेशन होतं, मला उशीर झाला होता. शेवटचा फास मी घेतला नव्हता आणि टोकं गाठीजवळ कापली होती.

भिंगाचा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. समोरच्या मदतनिसाला तिथे फक्त लाल दिसतं. तुला हे माहीत आहे. हे कामच असं आहे की आत काय होतं ते एकाच माणसाला दिसतं, आणि ते लिहिणाराही तोच असतो.

मी चिमट्याने दोरा उचलला आणि गॉजच्या तुकड्यावर ठेवला. ऑपरेशन संपल्यावर गॉज मोजतात. मोजले, बरोबर भरले. गॉजवर काय आहे ते कुणी मोजत नाही.

बॅझिल जागा होता. त्याने विचारलं, "काय दिसतंय, लिओना?" मी म्हणाले, "तुटलंय."

त्या क्षणी मी घाबरले होते असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. ते खरं नाही. मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी हलवू नको, असं मी म्हणाले होते. तुझी पद्धत बरोबर ठरणं मला नको होतं. गाठ पाहिली, आणि तरीही मी मनात म्हणाले, बघ, मी सांगितलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी झालं. कसं झालं ते मला अजून कळत नाही.

तुझ्या पद्धतीने ती दोरी टिकली असती. पुढे मी सगळ्यांना तीच पद्धत लिहून देऊ लागले. चार वर्षांत एकही तुटली नाही. अमिरोला वाटतं, ती माझी पद्धत आहे.

माफ कर असं लिहीत नाही. तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

आई


३ एप्रिल

ग्रेटा,

तुझ्याकडून काही आलं नाही. मी लिहिते आहे. नोरीन तारखा बघते.

गुरुवारी बैठकीला गेले. जानेवारीपासून गेले नव्हते. सहा जणं होती. त्या वेळी हजर असलेली दोघंच, अमिरो आणि मुख्य नर्स. मी सांगितलं, जुन्या एका केसची नोंद दुरुस्त करायची आहे. तुला लिहिलं तेच सांगितलं, कमी वाक्यांत.

अमिरोने कप खाली ठेवला. "तुम्ही मला तो दोरा दाखवायला हवा होता."

"हो."

"मी समोर उभा होतो. रिट्रॅक्टर लावून जखम मीच उघडी धरली होती."

"हो."

"मला वाटलं, मला दिसलं नाही म्हणजे मी कच्चा." मग म्हणाला, "त्यानंतर सहा महिने मी शिवायला घाबरत होतो."

ते मला माहीत नव्हतं. तुझं नुकसान मी मोजून ठेवलं होतं. त्याचं कधी धरलंच नव्हतं.

मुख्य नर्सने विचारलं, ग्रेटाला कळवलंय का. मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "मग जेवायला चला. सूप निवतंय." इथली माणसं अशीच. रागावली की आधी जेवू घालतात.

नोंद दुरुस्त झाली आहे. माझ्या सहीने, आजच्या तारखेने. तुझं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे खाली ओळ घातली आहे: थेरपिस्टची चूक नाही. हॉस्पिटलची चौकशी समिती जूनमध्ये बसेल. ती काय ठरवायचं ते ठरवेल.

अंगठा तसाच. नोरीन म्हणते, अजून सहा आठवडे ती घाबरणार नाही. मी घाबरू शकते का, असं विचारलं. "तुम्ही कधीपासून परवानगी मागायला लागलात?"

बॅझिलकडे अजून गेले नाही. तो शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याच्यासमोर कमी वाक्यांत सांगता येणार नाही.

आई


२८ एप्रिल

ग्रेटा,

काल गेले.

बॅझिल धक्क्यावरच्या खोपटात होता, शेवंडांचे सापळे दुरुस्त करत. होडी आता त्याचा पुतण्या नेतो. थंडीत ते बोट बधिर होतं आणि हातमोज्यात अडकतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने समुद्रावर जाणं सोडून दिलं. जाळी मात्र अजून तोच विणतो, आखडलेलं बोट वर धरून. चहा पिताना मोठ्या घरच्या बायका धरतात तसं.

"ये, लिओना," तो म्हणाला. "ऐकलं ते खरं का? तुझाच हात गेला म्हणे."

"अंगठा उचलत नाही."

"शिवला कोणी?"

"अमिरोने."

"मग चूक व्यायामवालीची असणार." आणि हसला.

मी उभीच होते. उभ्यानेच सांगितलं. "बॅझिल, तुझी गाठ मी बांधली होती. ती सुटली. ग्रेटाने काही केलं नव्हतं."

त्याची सुई चालूच राहिली. एक घर विणलं, दुसरं विणलं.

"दोरा कसला होता?"

"नायलॉनच्या जातीचा."

"शेपट्या केवढ्या ठेवल्यास?"

मी बोटांनी दाखवलं. त्याने सुई खाली ठेवली.

"एवढ्या? नायलॉनला?" तो म्हणाला. "नायलॉन निसटतो, लिओना. शेपूट लांब ठेवायची आणि एक फास जास्तीचा घ्यायचा. माझ्या पुतण्याला कळतं, आणि त्याला दुसरं काही कळत नाही."

"मला माहीत होतं. मी घाई केली."

"मी तुला विचारलं होतं. टेबलावर. काय दिसतंय म्हणून."

"हो."

"तू म्हणालीस, तुटलंय."

"हो."

"चार वर्षं मी त्या पोरीच्या नावाने शिव्या घालतोय. दुकानात. चर्चच्या जेवणात, पाद्र्यासमोर. तू पलीकडच्या टेबलावर बसायचीस. बटाटे वाढून घेत."

"ऐकत होते."

"ऐकत होतीस." तो उठला आणि दाराशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "बोटाचं मला काही नाही. माझ्याकडे आणखी नऊ आहेत. पण माझ्या तोंडून तू खोटं बोलवून घेतलंस. चार वर्षं. ते मी कुठे दुरुस्त करू? सगळीकडे फिरून सांगू?"

मी म्हणाले, मी सांगेन. दुकानात आणि चर्चमध्येही.

"तू सांगशीलच. मीही सांगेन. तुझ्याआधी. मला जास्त गोष्टी येतात."

मी दाराशी गेले. दुपारची वेळ, होड्या परतत होत्या. नदीच्या तोंडाशी चार दिसत होत्या, सगळ्या पांढऱ्या. तो मला जायला सांगेना.

मग म्हणाला, "शाळेत तुला सगळं यायचं. सांग, त्यातली माझी कोणती?"

मी पाहिलं. तिसरी जरा डावीकडे कलून चालत होती. बॅझिलचा बापही होडी तशीच आणायचा, आणि बॅझिलही.

"ती," मी म्हणाले आणि दाखवली.

"बरोबर," तो म्हणाला. मग होडीकडे न बघता माझ्या हाताकडे बघत राहिला. "आणि हे काय? लिफ्ट मागतेस?"

अंगठा उठला होता. पुरता नाही, पण तळव्यापासून सुटा, वर. मी हात तसाच धरला. खाली आणायची भीती वाटली. मग आणला. पुन्हा होडी दाखवली. पुन्हा उठला.

"बस कर," बॅझिल म्हणाला. "पुतण्याला वाटेल, आपण त्याला हाक मारतोय. मग तो धक्क्यावर आदळेल."

मी रडले, हे लिहायला हवं. त्याने पाहिलं नाही. आत गेला आणि बरणी घेऊन आला, त्याने घातलेला आंबट कोबी.

"हे त्या पोरीला दे. तुला नाही. तुला अजून मी काही दिलेलं नाही."

"पोस्टाने फुटेल."

"मग पोस्टाने पाठवू नकोस."

बरणी टेबलावर आहे. झाकण त्याने लावलं आहे, म्हणजे लागलंच आहे.

आई


१२ मे

ग्रेटा,

आज जाड लिफाफा आला. माझी सगळी पत्रं. मी अंथरुणावर तारखेप्रमाणे मांडली. एकोणीस फेब्रुवारीच्या पत्रावर सतरा गोल. दोन मार्चच्या पत्रावर अठरा, आणि फेरीच्या रांगेबद्दलच्या ओळीवर पेन्सिल टेकवून नुसतीच उचललेली दिसते. पंधरा मार्चवर नऊ. तीन एप्रिलवर सात. अठ्ठावीस एप्रिलवर दोन, आणि समासात एक बरोबरची खूण, "ती, मी म्हणाले" याच्यासमोर.

सोळा मार्चचं पत्र त्यात नाही. लिफाफा उलटा करून झटकला. ते तू ठेवलं आहेस.

वेगळ्या कागदावर, पेनाने, तू लिहिलंस:

"प्रगती आहे. चिकटलेलं सुटतंय, पण शेवटचा भाग कसा उठतो ते अक्षरात दिसत नाही. कागदावरून हात कळत नाही. घेऊन ये."

मी ते नोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई कडक दिसते."

"कुणावर गेली, कोण जाणे," मी म्हणाले.

"मला कोण जाणे असं वाटत नाही." मग तिने माझी पुढच्या आठवड्याची वेळ खोडली आणि तिथे लिहिलं: पुढील उपचार कॉर्नर ब्रूक.

हॉस्पिटलला कळवलं आहे. समितीने मना केलं नाही तर लहान ऑपरेशनं करेन, अमिरो समोर असेल तेव्हाच, आणि भिंगाचे चष्मे दोघांच्याही डोळ्यांवर असतील. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाठी मी बांधणार." मी म्हणाले, शेपट्या मी बघणार.

मंगळवारी निघते. नॉर्थ सिडनीहून रात्रीची फेरीबोट, बुधवारी सकाळी पलीकडे. तिथून गाडीने तीन तास. दुपारी तुझ्याकडे. दवाखान्यातच येईन, घरी नाही. पेशंटच्या रांगेत बसेन. तुझी वेळ होईल तेव्हा हाक मार.

बॅझिलची बरणी आणते आहे. काल एकदा झाकण फिरवून पाहिलं. किंचित हललं. मग सोडून दिलं. माझ्याकडून ते निघतं का, हे तू समोर बसून बघायचंस.

आई